आधी चाकं मोकळी फिरू देत

देवगड, 4 जून

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा मी बागायतदारांच्या पेट्यांचा हिशेब मिटवत बसलो होतो, त्यामुळे धड बोलणं झालं नाही. 2012 ची पिकअप घेतलीस, चांगलं केलंस. लिटरला 9 किलोमीटरचं ॲव्हरेज देते म्हणालास आणि विचारलंस, "काका, तिला काय बसवलं की 12 देईल?" तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय. अरे, बसवायचं नंतर बघू. तिला कुठेतरी काहीतरी मागे ओढतंय, ते आधी शोधायला हवं.

पण 9 देते हे कशावरून ठरवलंस? डिझेलच्या काट्यावरून? तो काटा चढणीला एक सांगतो, उताराला दुसरं. टाकी फुल्ल कर, पंपावरचं नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की तिथेच थांब, हलवून हलवून वर भरू नकोस. किलोमीटर लिहून ठेव. पुढच्या वेळी त्याच पंपावर, त्याच जागी गाडी उभी करून पुन्हा फुल्ल कर आणि भागाकार मांड. असं तीनदा. शिवाय मागच्या मालकाने मोठे टायर घातले असतील तर किलोमीटरचा आकडाच कमी पडत असणार. हायवेच्या किलोमीटरच्या दगडांवर 20 किलोमीटर मोजून पडताळून घे. वहीत तारखेसमोर माल किती होता तेही लिही. फोंड्याचा घाट भरल्या गाडीने चढून कोल्हापूर गाठणं आणि रिकामं परत येणं ही एक फेरी धर, आणि फेरीशी फेरीच ताडून बघ.

आता माझी फजिती ऐक. दहाएक वर्षांपूर्वी माझ्या गाडीचं ॲव्हरेज 12 वरून घसरत घसरत 9 वर आलं. इंजिनात डिझेल फवारणारे नोझल काढून टेस्ट केले, बदलले. इंजिनचा डिझेल पंप कॅलिब्रेट करून आणला. भरपूर पैसे गेले आणि फरक शून्य. मग एकदा दाजीपूरच्या पुढे टपरीवर चहाला थांबलो. हात धुतले आणि झटकले, तर थेंब मागच्या डाव्या चाकावर उडाले आणि चर्र आवाज झाला. रस्ता सपाट होता, ब्रेक फारसा लावलेलाच नव्हता. उजव्या चाकाला हात लावला तर कोमट.

हँडब्रेकची केबल तिच्या नळीत गंजून धरली होती. लिव्हर खाली केला तरी केबल पूर्ण सैल पडत नव्हती, आणि ब्रेकचे लायनर दिवसभर चाकाच्या ड्रमला घासत होते. कारण माझंच. आंब्याचा सीझन संपला की मी मासे वाहायचो, क्रेटमधलं बर्फाचं खारं पाणी हौद्यातून खाली गळायचं, आणि खालून धुवायचा मला कंटाळा. केबल बदलली, ड्रम उघडून साफ केले, लायनर सेट केले. साडेअकरावर आली. नोझलचे पैसे आठवले की अजून पोटात कालवतं.

म्हणून तू पहिलं हेच कर. सपाट रस्त्याने दहा किलोमीटर जा, शेवटी ब्रेक न दाबता गाडी आपोआप मंदावू दे, आणि उतरून चारही चाकांच्या रिमजवळ हाताची मागची बाजू ने. चिकटवू नकोस, पोळेल. पुढची दोन्ही थोडी गरम असतील तर ठीक, पण डाव्या-उजव्यात फरक नको. घाट उतरून आल्यावर ही परीक्षा करू नकोस, तेव्हा सगळीच तापलेली असतात. मग जॅकवर घेऊन एकेक चाक हाताने फिरव. अर्ध्या फेऱ्यात अडतं ते चाक उघड. पुढे डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कला पकडणाऱ्या चिमट्याच्या, पिना मोकळ्या सरकतात का बघ. आपल्या खाऱ्या वाऱ्यात त्या हमखास धरतात. घरघर ऐकू आली तर बेअरिंगही बघून घे.

दुसरी जागा तुला कुणी सांगणार नाही. इंजिन गरम व्हायला लागलं की काही मिस्त्री थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून फेकतात. "नाय तर नाय, काय अडतंय?" माझ्याही गाडीचा एकाने काढला होता, मला न सांगता. मग पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं, इंजिन नीट तापतच नाही, ऑइल घट्ट राहतं आणि डिझेल जास्त जातं. वीस मिनिटं गाडी चालवूनही टेंपरेचरचा काटा तळातच रेंगाळत असेल तर शंका घे. थर्मोस्टॅट असेल तर काढून तपासता येतो: पातेल्यात पाणी घेऊन त्यात दोरीने लटकव, खाली गॅस लाव. पाणी 80-85 अंशांच्या आसपास आलं की तो हळूच तोंड उघडतो. उघडला नाही, किंवा थंड पाण्यातच उघडा दिसला, तर नवा घाल. पातेलं मात्र गॅरेजचं घे. मी घरचं घेतलं होतं, तुझी काकू अजून विसरलेली नाही.

धुराकडे लक्ष दे. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. आपल्या सड्यावरची लाल धूळ एअर फिल्टरमध्ये अशी बसते की कागद विटेसारखा दिसतो, त्यामुळे पुस्तकातल्या किलोमीटरची वाट बघू नकोस. फिल्टर स्वच्छ असूनही काळा धूर आणि चढणीला दम नाही, असं असेल तर टर्बोचे, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचे, पाइप तपास. इंजिन चालू ठेवून कुणाला तरी रेस द्यायला सांग आणि जोडांवर साबणाचं पाणी लाव, बुडबुडे आले की चोर सापडला. इंजिनचे नोझल आणि डिझेल पंप एवढं सगळं झाल्यावर. निळा धूर असेल तर इंजिन ऑइल खातंय, तो खर्च वेगळा, तेव्हा आधी मला फोन कर.

डिझेल फिल्टरच्या तळातलं पाणी पावसाळ्यात वरचेवर सोड, आणि रात्री टाकी रिकामी ठेवू नकोस, आत दव धरतं.

टायरमध्ये हवा थंड असताना भरायची, दाराजवळच्या पट्टीवर लिहिलंय तेवढी, भरल्या गाडीला वेगळी आणि रिकाम्या गाडीला वेगळी. नायलॉन टायर असतील तर झिजले की रेडियल घाल. खरा अपग्रेड म्हणून मी पैसे घालायला सांगेन तो एवढाच. रुंद टायर, मागे स्प्रिंगचे जादा पाटे, पुढे लोखंडी गार्ड यातलं काही नको. गार्डवर तर 2017 पासून बंदी आहे. डिझेलच्या पाइपवरचं चुंबक आणि टाकीत टाकायची जादूची बाटली, दोन्हींवर मी स्वतः पैसे घालवलेत, तू घालवू नकोस. ताडपत्री मात्र ताणून बांध. हायवेवर तिचा शिडासारखा फुगा झाला की इंजिन पेट्यांबरोबर वाराही ओढतं. 80 च्या ऐवजी 60 ने गेलास तर कोल्हापूर कुठे पळून जात नाही.

घाटाबद्दल एकच सांगतो, आणि ते ऐकच. आमचे जुने ड्रायव्हर म्हणायचे, "उतारार बंद कर, डिझेल वाचता." तसं कधी करायचं नाही. इंजिन बंद झालं की ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो आणि पॅडल दगडासारखं होतं. आणि डिझेल वाचतं हेही खोटं. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढलास की कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटरने डिझेल सोडणारं, इंजिन डिझेल सोडणंच थांबवतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला त्याला ते सोडावंच लागतं. ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर.

तू महिन्याला अडीच हजार किलोमीटर चालवतोस. 9 चे साडेअकरा झाले तरी महिन्याला साठ लिटर वाचतं. नव्वद रुपयांनी धरलंस तर पाच हजारांच्या वर, म्हणजे केबल, लायनर आणि थर्मोस्टॅट यांचा खर्च कधीच भरून निघाला.

मासेमारीची बंदी 31 जुलैपर्यंत आहे, गाडी तशीही बराच वेळ उभीच राहणार. कामं आत्ताच काढ, पण एकदम सगळी नको. एक काम झालं की एक फेरी, मग वहीत आकडा. नाहीतर कशाने फरक पडला ते कळणारच नाही. पावसात गाडी आठ-दहा दिवस उभी ठेवायची असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नकोस, लायनर ड्रमला चिकटतात. सपाट जागा बघ, पहिल्या गिअरमध्ये टाक आणि चाकाखाली लाकडाची उटी, म्हणजे पाचर, दे.

रविवारी सकाळी गाडी घेऊन ये. जॅक आणि दोन लाकडी ठोकळे माझ्याकडे आहेत, केबल मी जामसंड्यातून आणून ठेवतो. आल्यावर चारही चाकांना हात लावून बघ, आणि मगच चहाला आत ये.

तुझा
काका