यादीत आहे, पण सापडत नाही

या सदराकडे येणारी पत्रं सहसा ‘कोणती भाषा शिकू’ आणि ‘कोणता कोर्स करू’ या वळणाची असतात. या वेळी जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या लिस्टवर (नोंदी ओळीनं ठेवायची यादी) बरीच पत्रं एकदम आली आणि सगळी कामाची निघाली. कोर्सवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरावा.

प्रश्न : ताई, आमच्या पतसंस्थेसाठी मी सभासदांचा छोटा प्रोग्रॅम लिहिलाय. ‘सभासद’ नावाचा क्लास आहे, त्यात क्रमांक, नाव, गाव. सगळे अ‍ॅरेलिस्टमध्ये भरलेत. लिस्ट छापली की सभासद दिसतो. पण तोच क्रमांक, तेच नाव, तेच गाव देऊन नवा ऑब्जेक्ट केला आणि कंटेन्स (‘यादीत हा आहे का?’) विचारलं की उत्तर फॉल्स. असं का? (एक वाचक, तासगाव)

उत्तर : कंटेन्सला ऑब्जेक्ट दिलात की अ‍ॅरेलिस्ट पहिल्या घरापासून चालायला लागते आणि प्रत्येक घरापाशी तुमच्या ऑब्जेक्टलाच विचारते, ‘हा आणि तू एकच का रे?’ हा प्रश्न म्हणजे इक्वल्स ही मेथड. तुमच्या क्लासमध्ये तुम्ही ती लिहिलेली नाही, त्यामुळे सगळ्या क्लासांचा मूळपुरुष जो ‘ऑब्जेक्ट’ नावाचा क्लास, त्याची वापरली जाते. ती फक्त एवढंच बघते की मेमरीतली वस्तू तीच आहे का. तुम्ही न्यू लिहून दुसरी वस्तू केलीत, मग आतला मजकूर काना-मात्रेसकट सारखा असला तरी उत्तर फॉल्स. इंडेक्सऑफ (कितव्या घरात आहे ते सांगणारी मेथड) उणे एक देईल ते यामुळेच, आणि रिमूव्ह काहीही न काढता गुपचूप परत येईल तेही यामुळेच.

आता कोडला हात लावायच्या आधी संस्थेच्या सचिवांना विचारा : दोन नोंदी एकाच सभासदाच्या आहेत असं कधी म्हणायचं? पूर्ण नाव सारखं असेल तर, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. मी काही वर्षं ऊसबिलांच्या सॉफ्टवेअरवर काम केलं आहे. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत. आजोबा ज्ञानदेव दत्तात्रय, त्यांचा मुलगा दत्तात्रय ज्ञानदेव, आणि नातू पुन्हा ज्ञानदेव दत्तात्रय. आडनाव एक, गाव एक, घर एक. नावावर इक्वल्स लिहिलंत तर नातवाच्या उसाचे पैसे आजोबांच्या खात्यात जमा होतील, आणि मग तुम्ही त्या घरी जाऊन इक्वल्स समजावत बसा. सभासद क्रमांक हीच ओळख धरा आणि इक्वल्समध्ये तेवढाच ताडून बघा.

लिहिताना एक खोड सांभाळा. इक्वल्सच्या कंसात ‘सभासद’ हा प्रकार लिहायचा मोह होतो. तसं केलं तर तुमची मेथड मूळ मेथडची जागा घेत नाही, तिच्या शेजारी दुसरी म्हणून उभी राहते. तुम्ही स्वतः दोन सभासद ताडले की ट्रू येतं आणि लिस्टनं ताडले की फॉल्स. माणूस चक्रावून जातो. कंसात ऑब्जेक्टच हवा. आणि वर ओव्हरराइडची खूण लिहायची सवय लावून घ्या, म्हणजे अशी चूक कंपाइलरच पकडून देतो.

इक्वल्स लिहिलं की हॅशकोडही (ऑब्जेक्ट कुठल्या कप्प्यात ठेवायचा ते ठरवणारा आकडा) त्याच क्रमांकावर लिहायचा. लिस्टला त्याची गरज पडत नाही, म्हणून लोक तो टाळतात. पण उद्या तुम्ही वीस हजार पावत्या वीस हजार सभासदांशी जुळवायला बसाल. लिस्टमध्ये लिस्ट शोधली तर वाईटात वाईट चाळीस कोटी तुलना होतात. सभासद हॅशसेटमध्ये, किंवा क्रमांकावरून सभासद मिळेल अशा हॅशमॅपमध्ये टाकलेत तर प्रत्येक पावतीमागे सहसा एक-दोन तुलनांत काम भागतं. हॅशसेटमध्ये टाकताना हॅशकोड नसेल तर आजच्यासारखीच फॉल्सची तक्रार घेऊन तुम्ही परत याल. शिवाय ज्या फील्डवर हॅशकोड बेतलाय ते फील्ड ऑब्जेक्ट सेटमध्ये गेल्यावर बदलायचं नाही. बदललंत तर तो आत असूनही मिळत नाही, कारण शोध नव्या कप्प्यात होतो आणि तो बसलेला असतो जुन्यात. क्रमांकाचं फील्ड फायनल करून टाका, म्हणजे एकदा भरलं की बदलता येणार नाही.

जावा १६ पासून (२०२१) रेकॉर्ड (नुसती माहिती ठेवणारे आटोपशीर क्लास) आहेत, त्यांत दोन्ही मेथड आयत्या मिळतात. मात्र त्या सगळी फील्ड बघतात. सभासदानं गाव बदललं की तो रेकॉर्डच्या लेखी दुसरा माणूस. पावतीसाठी रेकॉर्ड उत्तम, सभासदासाठी मी वापरणार नाही.

प्रश्न : गावावरून शेतकऱ्यांची यादी काढतो. ‘कऱ्हाड’ टाकलं की निम्मीच नावं येतात. स्क्रीनवर सगळे कऱ्हाड सारखेच दिसतात. इथे तर स्ट्रिंग (मजकूर) आहे, तिचं इक्वल्स जावानंच लिहिलंय! (एक वाचक, सातारा)

उत्तर : या महिन्यातलं माझं सगळ्यांत आवडतं पत्र. इंग्रजीतल्या पुस्तकांत हे सापडणार नाही, कारण त्यांच्याकडे कऱ्हाड नाही.

स्ट्रिंगचं इक्वल्स कोडमागून कोड ताडतं. डोळ्यांना काय दिसतं याच्याशी त्याला कर्तव्य नाही. आणि ‘ऱ्ह’ हे जोडाक्षर तीन तऱ्हांनी साठवलेलं असू शकतं. पहिली तऱ्हा : युनिकोडमध्ये ०९३१ क्रमांकाचा स्वतंत्र ऱ आहे, तो, मग हलन्त, मग ह. दुसरी : साधा र, त्याखाली नुक्ता, मग हलन्त आणि ह. तिसरी : साधा र, हलन्त, त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह, मग ह. तुमच्याकडे नोंदी करणारे दोघं-तिघं असतील आणि प्रत्येकाचा कीबोर्ड वेगळा असेल, अशी माझी अटकळ आहे.

जावात नॉर्मलायझर हा क्लास आहे. त्याला एनएफसी हा प्रकार सांगितला की दुसऱ्या तऱ्हेचं पहिलीत रूपांतर होतं. तिसरीला तो हात लावत नाही, ती तुम्हालाच बदलायची आहे. इथे घाईघाईनं सगळे जॉइनर पुसून टाकू नका. जॉइनर गेला की र वर चढतो आणि रफार होतो, गावाचं ‘कर्हाड’ होऊन बसतं. र, हलन्त, जॉइनर असे तिघं ओळीनं दिसले की त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवायचे. हाच प्रकार वकिलांच्या ‘अ‍ॅड.’मध्ये. त्यातल्या पहिल्या अक्षराला ०९७२ हा स्वतंत्र कोड आहे, पण बरेच जण अ आणि चंद्र वेगवेगळे टाकतात, कधी मध्ये जॉइनरही घालतात. एनएफसी इथे काहीच करत नाही. एक रूप ठरवा आणि बाकीची त्यात बदला.

अंकांचंही तसंच. ‘१२३’ आणि ‘123’ या दोन स्ट्रिंग इक्वल्सच्या मते वेगळ्या. पण इंटिजरच्या पार्सइंटला देवनागरी आकडे वाचता येतात, दोन्हींचा आकडा एकच येतो. म्हणून क्रमांकांची स्ट्रिंगची लिस्ट आधी आकड्यांच्या लिस्टमध्ये बदलून घ्या आणि मगच शोधा. मागेपुढे चिकटलेल्या जागेसाठी ट्रिम असतो, जावा ११ पासून स्ट्रिपही आहे; मात्र वेबपानावरून कॉपी केलेल्या मजकुरातली न तुटणारी स्पेस दोन्हींना दाद देत नाही. ती नाव घेऊनच काढावी लागते.

ही सगळी सफाई दर शोधाला करत बसू नका. नोंद आत येतानाच एकदा करा आणि ‘शोधनाव’ अशा वेगळ्या फील्डमध्ये ठेवा. मूळ नाव जसं लिहिलंय तसंच राहू द्या, सातबाऱ्याशी ताडायला ते लागतं. शोधायला आलेल्या शब्दावरही तीच सफाई चालवायची, नाहीतर पहिले पाढे पंचावन्न.

प्रश्न : मॅडम, मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इंट अ‍ॅरेमध्ये पाच मार्क होते. अ‍ॅरेज क्लासच्या अ‍ॅजलिस्टनं लिस्ट केली तर साइझ एक आली. स्ट्रिंगच्या अ‍ॅरेची लिस्ट बरोबर झाली, पण तिच्यात अ‍ॅड केलं की एक्सेप्शन (चूक सांगून प्रोग्रॅम थांबतो). (एक विद्यार्थिनी, परभणी)

उत्तर : लिस्टमध्ये इंटसारखे मूळ प्रकार बसत नाहीत, ऑब्जेक्टच बसतात. अ‍ॅजलिस्टला तू इंटची अ‍ॅरे दिलीस, तिला त्यात एकच ऑब्जेक्ट दिसला, तो म्हणजे अख्खी अ‍ॅरे. म्हणून साइझ एक. अ‍ॅरेचा स्ट्रीम कर, बॉक्स्ड लाव, मग टूलिस्ट. पाच येतील.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि परीक्षेत कुणी विचारत नाही. लिस्ट बदलून मिळते तेव्हा हाती काय आलं ते बघायचं : नवीन खोली, की जुन्याच खोलीला पाडलेलं दुसरं दार? अ‍ॅजलिस्ट हे दार आहे. आत तुझीच अ‍ॅरे. सेट करून एक नाव बदललंस तर अ‍ॅरेतही बदलतं, आणि अ‍ॅरेची लांबी वाढत नाही म्हणून अ‍ॅडला नकार. सबलिस्टही दार. अनमॉडिफायेबललिस्टही दारच, त्यातून तुला काही हलवता येत नाही, पण मूळ लिस्ट ज्याच्या हातात आहे त्यानं बदल केला की तुला तो दिसतो. याउलट न्यू अ‍ॅरेलिस्टच्या कंसात जुनी लिस्ट दिलीस तर नवी खोली मिळते, हवं ते कर. जावा १० मधल्या कॉपीऑफनंही खोली नवी मिळते, फक्त कुलूप लावलेली. नव्या खोलीतही ऑब्जेक्ट मात्र जुनेच असतात हे विसरू नकोस : एका विद्यार्थ्याचे मार्क इकडे बदलले तर तिकडेही बदलतात.

स्ट्रीमच्या शेवटी टूलिस्ट लावलंस (जावा १६ पासून) तर न बदलणारी लिस्ट येते. जुन्या पद्धतीनं कलेक्टर्सचं टूलिस्ट लावलंस तर आजवर बदलता येणारी मिळत आली आहे, पण तशी हमी कुणी दिलेली नाही. बदलायचीच असेल तर सरळ अ‍ॅरेलिस्ट मागून घे.

प्रश्न : शोध लवकर व्हावा म्हणून कलेक्शन्सचं बायनरीसर्च (क्रमानं लावलेली यादी अर्धी-अर्धी करत शोधणारी मेथड) लावलं. उत्तर उणे आठ आलं. आणि नाव तर यादीत आहे! (एक शिक्षक, चिपळूण)

उत्तर : उणे आठ म्हणजे : मिळालं नाही, पण असतं तर सातव्या इंडेक्सवर असतं. सातला उणे करून आणखी एक वजा केलेला असतो. नुसतं उणे केलं असतं तर शून्याचं उणे शून्यच, मग ‘पहिल्याच घरात सापडलं’ आणि ‘पहिल्या घरात असायला हवं होतं’ यांत फरक उरला नसता.

नाव असून मिळत नाही, याचा अर्थ सर, लिस्ट एका क्रमानं लावली आहे आणि शोधताय दुसऱ्या क्रमानं. तुम्ही मराठी वर्णमालेचा स्वतःचा कम्पॅरेटर (दोघांत आधी कोण ते ठरवणारा) लिहून सॉर्ट केलेलं असणार, कारण युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पुढे बसतो आणि आपल्याकडे तो ह च्या नंतर येतो. सॉर्टला दिलेला तोच कम्पॅरेटर बायनरीसर्चला तिसरा म्हणून द्या. तो नसेल तर बायनरीसर्च युनिकोडच्या क्रमानं चालतं आणि भलत्या अर्ध्यात शिरतं. एक्सेप्शनही येत नाही, नुसतं चुकीचं उत्तर येतं.

जाता जाता सांगते. जावाचं कलेक्शन्स फ्रेमवर्क १९९८ मध्ये जावा १.२ बरोबर आलं, त्याचे मुख्य रचनाकार जॉशुआ ब्लॉक. २००६ मध्ये ब्लॉक यांनीच जाहीरपणे लिहिलं की जावातल्या बायनरी सर्चमध्ये इतकी वर्षं एक बग होता : मधला इंडेक्स काढायला दोन टोकांची बेरीज करून दोननं भागलं जायचं, आणि यादी साधारण १०७ कोटींच्या वर गेली की ती बेरीज इंटमध्ये मावत नसे, उलटून उणे होई. तुमच्या शाळेच्या पटाला त्याचा धोका नाही.

प्रश्न : आकड्यांच्या लिस्टमधून ५ काढायला सांगितलं, तिनं भलताच आकडा काढला. (एक वाचक, मडगाव)

उत्तर : रिमूव्ह दोन आहेत. नुसता ५ दिलात तर इंडेक्स ५ वरचा जातो, म्हणजे सहावा. आकडा ५ काढायचा तर इंटिजरचा ऑब्जेक्ट द्या, व्हॅल्यूऑफ वापरून. त्याच लिस्टमधले दोन इंटिजर दुहेरी बरोबरच्या चिन्हानं ताडत असाल तर तेही थांबवा. उणे १२८ ते १२७ पर्यंत ते चालल्यासारखं दिसतं, कारण तेवढे ऑब्जेक्ट जावा एकदाच करून ठेवते. पुढे भरवसा नाही. इक्वल्स वापरा.

प्रश्न : लिस्टची मॅप (की दिली की तिची नोंद देणारी रचना) करताना कलेक्टर्सचं टूमॅप ‘डुप्लिकेट की’ म्हणून एक्सेप्शन फेकतं. ते कसं बंद करायचं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तिसरी गोष्ट म्हणून एक छोटं फंक्शन देता येतं, दोन नोंदी भिडल्या तर कुठली ठेवायची ते सांगणारं. पण ते लिहिण्याआधी एक्सेप्शनमध्ये छापलेली की घ्या आणि त्या दोन्ही नोंदी समोरासमोर उघडून बघा. एकच माणूस दोनदा नोंदला असेल तर नोंद दुरुस्त करा. माणसं दोन असतील तर तुमची की चुकली आहे, ग्रुपिंगबाय (एका कीखाली अनेक नोंदी) वापरा किंवा दुसरी की निवडा.