मेल पाठवत राहिलात, मुदत मात्र थांबली नाही

साताऱ्याच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. थोडक्यात हकीकत अशी: 21 डिसेंबर 2024 रोजी ते आईवडिलांना घेऊन अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरला गेले. अ‍ॅपवरून एका लहान हॉटेलात दोन रात्रींसाठी खोली घेतली होती, 5,600 रुपये आगाऊ भरून. खोली फोटोतली नव्हतीच. भिंतीला ओल, गिझर बंद, चादरीवर डाग. मॅनेजर म्हणाला, दुसरी खोली नाही आणि ‘नॉन-रिफंडेबल’ असल्यामुळे पैसेही मिळणार नाहीत. रात्री अकराला सगळे राजारामपुरीत मावशींच्या दारात. तेव्हापासून हॉटेल आणि अ‍ॅपशी मेलामेली चालू आहे. ‘आता पुढची पायरी कोणती?’

अशी पत्रं दर दिवाळीनंतर आणि मे महिन्यानंतर येतात. सेवेत त्रुटी होती का, यावर मी शब्द खर्च करत नाही. होती. तुमच्या प्रकरणाचा निकाल लागणार आहे तो एका तारखेवर, आणि तुमच्या चार पानी पत्रात तिचा उल्लेखही नाही.

ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार ग्राहक आयोगात दाखल व्हावी लागते. कारण घडलं त्या शनिवारी रात्री. म्हणजे फार तर 21 डिसेंबर 2026, सोमवार. आज सप्टेंबर संपत आला आहे.

तुम्ही लिहिता, ‘शेवटचं उत्तर गेल्या महिन्यात आलं, म्हणजे वाद अजून जिवंत आहे.’ हा समज अनेकांना बुडवतो. पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही. वकिलाच्या नोटिशीने वाढत नाही, 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवलेल्या तक्रारीनेही नाही. अ‍ॅपचं ‘आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे’ हे एकच वाक्य तुम्हाला अकरा वेळा आलं. ई-कॉमर्स नियम 2020 प्रमाणे त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करायला हवं. महिना उलटला तेव्हाच, जानेवारी 2025 मध्ये, तुम्ही आयोगाकडे जायला हवं होतं. वीस महिने घालवलेत, आणि त्यातला एकही दिवस परत मिळणार नाही. मला याचा राग येतो, कारण समोरचा नेमकी याचीच वाट बघत असतो.

उशीर माफ करून घेता येतो, पण त्यासाठी सबळ कारण लागतं आणि आयोगाला ते कारण आदेशात नोंदवावं लागतं. ‘मेल चालू होते’ हे कारण टिकेल, या भरवशावर राहू नका. हॉटेलने मार्चमध्ये ‘पुढच्या मुक्कामाला निम्मं भाडं’ असा मेल पाठवला होता. तो पुरावा म्हणून जोडा. त्यामुळे मुदत नव्याने सुरू होते असं धरून मात्र चालू नका.

दुसरी अडचण तुम्ही स्वतः करून ठेवली आहे. बिल घेतलं नाही. पाटीवरचं नाव ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती नव्हे; तक्रार करायची ती मालकावर, भागीदारीवर किंवा कंपनीवर. आजच अ‍ॅपला लेखी विनंती करा: या व्यवहारातल्या विक्रेत्याचं नाव, पत्ता, ई-मेल कळवा. सेवा घेतल्यानंतर ग्राहकाने लेखी मागितल्यास ही माहिती देणं त्याच ई-कॉमर्स नियमांनुसार त्यांच्यावर बंधनकारक आहे. बिल न देणं ही मुळात अनुचित व्यापारी प्रथा आहे, हेही तक्रारीत लिहा.

तक्रार साताऱ्यातच करा. ‘सर्व वाद अमुक शहराच्या न्यायालयात’ ही अ‍ॅपची अट वाचून तुम्ही घाबरलात, पण कलम 34 प्रमाणे ग्राहक राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार चालते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते, वकील लागत नाही. 5,600 रुपयांसाठी वकिलाला दहा हजार देऊ नका, हे मी वकील असून सांगतो.

‘नॉन-रिफंडेबल’चं काय? तुम्ही स्वतः बेत बदलला असता तर ती अट कदाचित चालली असती. दाखवलं एक आणि दिलं दुसरं, तिथे तिचा आधार हॉटेलला मिळू नये, असं माझं मत आहे. अ‍ॅप जबाबदार ठरेल का, हे आत्ता सांगता येणार नाही. ‘आम्ही फक्त मध्यस्थ’ हा त्यांचा बचाव कधी मान्य होतो, कधी नाही. हॉटेल आणि अ‍ॅप, दोघांनाही सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष, करा. पाच लाखांची भरपाई मात्र मागू नका. पैसे परत, त्यावर व्याज, त्रासाबद्दल आणि खर्चाबद्दल पटेल अशी रक्कम, एवढंच.

कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल. प्रत्यक्षात तारखा पडतात, अध्यक्ष-सदस्यांच्या जागा रिकाम्या राहतात. सत्तर वर्षांच्या वडिलांना तारखेला बसवून ठेवायची वेळ येऊ नये, म्हणून तक्रारदार तुम्ही एकटेच व्हा. बुकिंग आणि पैसे तुमच्याच नावावर आहेत.

फोटोंबद्दल. ओल आलेल्या भिंतीचा जो फोटो तुम्ही पाठवलात, त्याच्या कोपऱ्यात दाराच्या आतल्या बाजूला लावलेलं दरपत्रक दिसतं. मोठं करून पाहिलं तर हॉटेलचं नाव वाचता येतं. खोली त्यांचीच, हे सिद्ध करणारा तुमच्याकडचा हा सर्वांत चांगला कागद आहे. पण मला आला तो व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेला, त्यात वेळ-तारीख उरलेली नाही. मूळ फोटो ज्या फोनमध्ये आहे तो विकू नका, रीसेट करू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र सोबत जोडा.

मावशींचं शपथपत्रही याच आठवड्यात नोटरीसमोर करून घ्या: कोण आलं, किती वाजता, सामान काय होतं, काय सांगितलं. हॉटेल आणि अ‍ॅपला नोटीस आज पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या. उत्तर येवो न येवो, दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आत तक्रार दाखल झालेली असू द्या.