रिपर्कशन्स म्हणजे नुसते परिणाम का?

प्रश्न: ऑफिसच्या मेलमध्ये 'सीरियस रिपर्कशन्स' वाचलं, मला वाटलं परिणाम, म्हणून मी 'नव्या औषधाचे चांगले रिपर्कशन्स दिसले' असं लिहिलं तर साहेबांनी खोडलं. काय चुकलं?

उत्तर: साहेबांनी बरोबरच खोडलं. हा शब्द लॅटिनमधून आलाय, मूळ अर्थ उलटून आलेला धक्का किंवा प्रतिध्वनी, तबला-ढोलकीला इंग्रजीत पर्कशन म्हणतात ना, त्याच घरातला. म्हणून मला आपला 'पडसाद' सगळ्यात जवळचा वाटतो, तोही आधी प्रतिध्वनीच, किती सुंदर जुळतंय बघा! फक्त पडसाद चांगलेही उमटतात, रिपर्कशन्स मात्र बहुतेक वेळा नकोसेच, आणि ते लांबवर, उशिरा, ज्याचा काही संबंध नाही अशा माणसापर्यंतही पोचतात. १५ सप्टेंबर २००८ ला अमेरिकेत लेहमन ब्रदर्स या बड्या गुंतवणूक बँकेने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याचे रिपर्कशन्स जगभरच्या बँकांनी भोगले, तसं. शब्द शक्यतो अनेकवचनातच वापरा. औषधाला साधं 'इफेक्ट' पुरे, आणि पावसात भिजून सर्दी झाली तर तिथेही हा शब्द नको, फार जड होतो.