तळमजला सोडू नकोस

प्रिय नगररचनाकार बाई,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. सोबतचा गाड्यांचा तक्ता बाजूला ठेवला आणि आधी इमारतीचा सेक्शन, म्हणजे उभा छेद दाखवणारा नकाशा, उघडला. तडजोड म्हणून नव्या नियमांचा जो मसुदा तुझ्या हातात दिलाय, त्यात तळमजला सबंध खांबांवर, गाड्यांसाठी मोकळा. राहायची आणि कामाची म्हणतात ती घरं पहिल्या मजल्यापासून वर. घरामागे दोन गाड्यांच्या पार्किंगची सक्ती होती ती एकीवर आणली. रहिवासी शांत, बिल्डर शांत, तुझे साहेब शांत. तू मात्र विचारतेस, ‘निम्मं तरी पदरात पडलं, मग मला झोप का लागत नाही?’

निम्मं पदरात पडलेलंच नाही, म्हणून. आकडा निम्मा झाला आणि ज्या मजल्यासाठी एवढा खटाटोप होता तो मजला पुरता गेला.

पार्किंगची सक्ती कमी करण्याची दहा कारणं तुला पाठ आहेत, त्यांची उजळणी मी घेत नाही. पण ‘खाली काम, वर घर’ अशा वस्तीसाठी कारण एकच. शिंपी, दातांची डॉक्टर, सायकली दुरुस्त करणारा, फ्रेमा बसवून देणारी, यांच्याकडे माणूस रस्त्यावरून येतो. दार दिसलं म्हणून येतो. लिफ्टने वर जाऊन, कुणाच्या तरी घराची बेल वाजवून, बैठकीतल्या चपला ओलांडत आत शिरायला गिऱ्हाईक राजी नसतं. पहिल्या मजल्यावर लॅपटॉपचं काम होतं, पण ते तर घराघरांतून आजही कुणाला न विचारता चाललंय. त्यासाठी तुझ्या नियमाची गरजच नव्हती. तळमजला सोडू नकोस. बाकी पत्र विसरलीस तरी चालेल.

आता मोजून बघ. उभी गाडी २.५ मीटर बाय ५ मीटर, म्हणजे १२.५ चौरस मीटर. पण ती तिथवर पोचायला ६ मीटरचा मार्ग लागतो, त्यातला निम्मा वाटा तिच्या नावे लाव. मग रॅम्प, वळण, फाटक, खांबांमुळे वाया जाणारे कोपरे. एका गाडीमागे २५ चौरस मीटर सहज जातात. दोन गाड्यांमागे ५०.

हा ५० चा आकडा डोक्यात ठेव. जपानमध्ये कमी उंचीच्या घरांसाठी राखलेल्या सगळ्यांत कडक झोनमध्येसुद्धा राहत्या घरात ठरावीक प्रकारचं छोटं दुकान किंवा ऑफिस काढता येतं. अट एवढीच, की कामाची जागा ५० चौरस मीटरच्या आत हवी आणि घराच्या निम्म्याहून कमी हवी. आणि गाडी? १९६२ च्या कायद्यापासून तिथं गाडी घेणाऱ्यालाच साधारणपणे जागेचा दाखला दाखवावा लागतो. ज्याची गाडी, त्याने जागा शोधायची. छोट्या घराच्या नकाशाला त्याचा जाच नाही. म्हणजे तुझा जुना नियम एका घराच्या दोन गाड्यांना जेवढी जमीन सक्तीने देत होता, तेवढ्यात तिकडे एका कुटुंबाचा धंदा बसतो.

अरुंद प्लॉटवर तर हिशेब आणखी बिघडतो. दर्शनी बाजू ७ मीटर. त्यातले साडेतीन गाडीच्या वाटेला गेले, दीड-दोन जिना-लिफ्टच्या. उरलेल्या फटीत विजेचे मीटर बसतात, दुकान बसत नाही. ‘पुढेमागे गरज पडली तर पार्किंगचं दुकान करू’ असं बैठकीत कुणी तरी म्हणेलच. त्याला उंची विचार. २.४ मीटर उंचीचा, उताराचा, पाण्याची लाइन नसलेला मजला उद्या दवाखाना होत नाही. आणि खांबांवर उभ्या इमारतींचं दुसरं दुखणं स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचार: १९९४ च्या कॅलिफोर्नियातल्या नॉर्थरिजच्या भूकंपात खाली गाड्या लावायची सोय असलेल्या एकाच वसाहतीत १६ माणसं गेली, २००१ मध्ये अहमदाबादेत अशा कितीतरी इमारती बसल्या. खांब नीट बांधता येतात, मान्य. पण भिंती काढून टाकण्याची हौस कुणाला होती? नियमाला होती.

ज्या कलमाकडे तुमच्यापैकी कुणी पाहिलेलं दिसत नाही, ते मी लाल पेनाने खुणावलंय. घर म्हणून एक जागा, आणि कामाच्या भागासाठी क्षेत्रफळावर आणखी दोन. अगं, ती एकच बाई! सकाळी वरून खाली उतरते, संध्याकाळी खालून वर जाते. कामावर यायला तिला गाडी लागतच नाही, आणि तुझ्या मसुद्याच्या लेखी ती तीन गाड्यांची धनीण. एकीवर आणल्याचा गवगवा केला आणि ज्यांच्यासाठी आणली त्यांच्यावर तीन लादल्या. हे कुणी मुद्दाम केलेलं नसेल. निवासाचं कोष्टक एकाने लिहिलं, व्यापाराचं दुसऱ्याने, आणि दोन्हीत बसणारा माणूस दोघांच्याही डोळ्यांपुढे नव्हता.

वापरबदलाचंही तेच. जुन्या घराच्या पुढच्या खोलीत कार्यशाळा काढायची तर वापर बदलला. वापर बदलला की नवीन पार्किंग दाखवा. गाड्या येण्याआधी बांधलेल्या घरात ते कुठून दाखवणार? मग कार्यशाळा निघत नाही, किंवा चोरून निघते आणि कायम भीतीत चालते. न्यूयॉर्कने १९७१ मध्ये आपल्या सोहो या भागातल्या कारखान्यांच्या मजल्यांवर कलावंतांना राहून काम करायची मुभा दिली. त्या इमारतींना प्रत्येक बिऱ्हाडामागे गाडीची जागा दाखवा म्हटलं असतं, तर मुभा कागदावरच राहिली असती. लॉस एंजेलिससारख्या गाडीवेड्या शहराने १९९९ मध्ये मध्यवस्तीतल्या जुन्या इमारतींत घरं करताना नवीन पार्किंगची अट उठवली, तेव्हा कुठं वर्षानुवर्षं रिकाम्या पडलेल्या ऑफिसांच्या इमारतींत दिवे लागले.

‘एक जागा म्हणजे अगदीच माफक’ असं तू लिहिलंयस. माफक? कॅलिफोर्नियातल्या ओकलंडने १९६१ मध्ये नेमकी एवढीच सक्ती केली होती, नव्या घरामागे एक जागा. आधीच्या आणि नंतरच्या इमारती ताडून पाहिल्या, तर घरामागचा बांधकाम खर्च १८ टक्क्यांनी चढलेला आणि तेवढ्याच जमिनीवरची घरं ३० टक्क्यांनी घटलेली निघाली. तुमची तडजोड जिथं येऊन थांबते, तिथून त्यांचं नुकसान सुरू झालं.

आता तुझी खरी भीती. सुनावणीत लोक ओरडले, ‘आमच्या गल्लीत गाड्यांची रांग लागेल.’ तू गप्प बसलीस, कारण तुला वाटलं त्यांचं बरोबर आहे. त्यांचं बरोबरच आहे! फुकट रस्ता दिसला की गाडी तिथंच उभी राहणार. पण त्यावरचा इलाज रस्त्यावर करायचा असतो, इमारतीच्या पोटात नाही. डोनाल्ड शूप या प्राध्यापकाने अख्खी हयात या एका गोष्टीवर घालवली. त्याचं म्हणणं तीन कलमी होतं: इमारतींवरची सक्ती काढा, रस्त्यावरच्या जागेला असा दर लावा की प्रत्येक गल्लीत एखाददुसरी जागा कायम मोकळी सापडेल, आणि तो पैसा त्याच भागात खर्च करा. तिसरं कलम लोक विसरतात आणि मग पहिली दोन आपटतात. कॅलिफोर्नियातल्याच ओल्ड पॅसाडिना या बाजारपेठेत १९९३ मध्ये पार्किंगचे मीटर बसले तेव्हा दुकानदार आधी विरोधातच होते. पैसा तिथल्याच पदपथांवर आणि सफाईवर लागणार हे ठरलं, तेव्हा सूर बदलला. तुझ्या मसुद्यात शुल्क आहे, पण जमा होतं ते मुख्य तिजोरीत. मीही ओरडलो असतो.

आणि कृपा करून ‘पार्किंग हटवणार’ हा शब्दप्रयोग पुन्हा कुठल्या फलकावर लिहू नकोस. कोण हटवतंय? सक्ती काढली म्हणजे बंदी घातली असं होत नाही. अमेरिकेतल्या बफेलोने २०१७ मध्ये शहरभरची किमान पार्किंगची अट रद्द केली. पुढच्या पाहणीत दिसलं की मिश्र वापराच्या प्रकल्पांनी जुन्या अटीपेक्षा ५३ टक्के कमी जागा बांधल्या, आणि एकाच वापराच्या प्रकल्पांनी सगळे मिळून जुन्या अटीहून जास्तच. ज्याला गाड्या हव्या होत्या त्याने बांधल्या. दिवसा गिऱ्हाईक आणि रात्री रहिवासी अशी एकच जागा दोघांत वाटता येते हे मिश्र इमारतीवाल्याला कळतं, तुझ्या कोष्टकाला कळत नाही. अपंगांसाठीच्या जागा आणि माल उतरवायची जागा यांना मात्र हात लावू नकोस. सुताराकडे फळ्या येतात, त्या खांद्यावर नाही येत.

माझ्यापुढेही एकदा असाच सेक्शन आला होता. एका समितीत होतो, मसुदा शेवटच्या टप्प्यावर, सगळ्यांच्या सह्या झालेल्या. तळमजल्यावर गाड्या, वर ‘उद्यमी घरं’. मी असहमतीची टिप जोडली आणि सही केली नाही. पुढच्या समितीवर माझं नाव नव्हतं. ज्याच्याबरोबर उमेदीची सगळी वर्षं काढली तो सहकारी म्हणाला, ‘तू आत राहिला असतास तर निदान उंचीची अट घालून घेता आली असती.’ त्यानंतर आमचं बोलणं कामापुरतं उरलं, आणि आता तेही नाही. याची खंत आहे, फार आहे. पण तो म्हणाला ते मला आजही पटत नाही. आत राहिलेल्यांनी काय घालून घेतलं? खांबांना रंग आणि कडेला कुंड्या. उंची २.४ च राहिली. त्या वस्तीत आज संध्याकाळी चालून बघ, दोन्ही बाजूंना जाळीची फाटकं आणि मागे टपांची रांग. एक दार उघडं नाही की एक पाटी नाही. मी आत राहिलो असतो तर त्या रंगाखाली माझीही सही असती. मी हे स्वतःच्या समर्थनासाठी लिहितोय असं तुला वाटेल. थोडं तसं आहेच. म्हातारा झालो म्हणून मला तेवढं करायची मुभा नाही का?

एका धोक्याबद्दल तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. सान फ्रान्सिस्कोत नव्वदच्या दशकात राहा-आणि-काम-करा या नावाखाली सवलती घेऊन लॉफ्ट, म्हणजे उंच छताची मोकळी घरं, उभे राहिले आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी नुसती महागडी घरं झाली. काम नावालाच. विरोधक हे उदाहरण तुझ्यावर फेकतील. उत्तर पुन्हा तेच आहे: कामाची जागा तळमजल्यावर, रस्त्याकडे तोंड करून आणि स्वतंत्र दाराची असेल, तर तिथं पलंग टाकून झोपायला फारसं कुणी जात नाही. येणारे-जाणारे खिडकीतून डोकावतात. घरमालकाची कागदपत्रं तपासत बसण्यापेक्षा ते दार कुठं आहे ते तपास.

सही करू की नको, याचं उत्तर मी देणार नाही. तुझी नोकरी नवीन आहे, माझी संपलेली आहे. हट्ट मला स्वस्त पडतो. पण सही करण्याआधी या तीन दुरुस्त्या लेखी माग. राहत्या-कामाच्या घराची गणना एकदाच, घर म्हणून. जुन्या इमारतीत वापर बदलला तर नवीन पार्किंग मागायचं नाही. आणि सक्ती पूर्ण निघतच नसेल, तर रस्त्यालगतच्या पहिल्या ८ मीटर खोलीत गाडी उभी करायला मनाई, तिथली उंची किमान ४ मीटर. तिसरी ही माझी शेवटची पायरी आहे, तू तिच्यावरून बोलणी सुरू करू नकोस. सुरुवात ‘सक्ती शून्य’पासून कर. पहिल्या दोन दुरुस्त्यांवर कुणी भांडणार नाही, कारण त्या कुणाला नीट समजणारच नाहीत. तिसरीवर भांडण होईल. तिथं ठाण मांड.

आणि बिल्डरला सुनावणीच्या आधी गाठ, एकट्याला. गाड्यांसाठी गेलेला तळमजला भाड्याने देता आला असता तर किती मिळाले असते, हे त्याच्याच हिशेबनिसाला काढायला सांग. मग सुनावणीत तुझ्या बाजूने पहिला हात तोच वर करेल. त्याचे हेतू काय आहेत याची चौकशी करू नकोस.

कळावे,
तुझा हट्टी म्हातारा