चूक दुरुस्त केली, पण सांगितली नाही

"बढती मिळाल्यापासून माझी झोप उडाली आहे. हाताखालच्या माणसांच्या चुका माझ्या नावावर लागणार, या विचाराने मी सगळे पुन्हा स्वतःच तपासते. मी या जागेला लायक नसेन का?" मी समुपदेशक आहे, आणि थोड्याफार फरकाने हा प्रश्न माझ्याकडे बांधकाम खात्यातल्या अभियंत्यांनी विचारला आहे, बँकेतल्या अधिकाऱ्यांनी विचारला आहे आणि एका मुख्याध्यापिकेनेही विचारला आहे. त्याचे उत्तर मला सर्वांत स्पष्टपणे सापडले ते एका सरकारी विधी कार्यालयातल्या बाईंबरोबर काम करताना. त्यांच्या परवानगीने ती हकिकत येथे लिहीत आहे. त्यांना मी शुभदा म्हणते. हे नाव खरे नाही, आणि ओळख पटेल असे तपशील व तारखा मी बदलल्या आहेत.

शुभदाताईंचे घर गोव्यात डिचोलीला, नोकरी पर्वरीला. कामावरून परतताना त्या म्हापशाला उतरून माझ्याकडे येत. पहिली भेट शुक्रवारी ठरली होती, म्हणजे बाजाराच्या दिवशी. खाली रस्त्यावर मिरच्या आणि चोरीस (गोव्याचे मसालेदार सॉसेज) विकणाऱ्यांचा गलका चालू होता आणि या बाई खुर्चीच्या कडेवर, पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. वय बेचाळीस. चौदा वर्षे विधी साहाय्यक म्हणून काढल्यानंतर आठ महिन्यांपूर्वी त्या पर्यवेक्षक झाल्या होत्या, आणि काल ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला त्याच पाच जणांच्या कामावर आता त्यांची सही होती.

हे काम बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. मलाही कळले नव्हते. काळा कोट घालून न्यायालयात उभे राहतात ते सरकारी वकील. त्यांच्या हातात जी फाइल जाते ती आधी कोणीतरी उभी करावी लागते. सरकारवर दावा करण्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस येते, ती कोणत्या खात्याची आहे हे पाहून तिकडे धाडायची. दावा दाखल झाला की त्या खात्याकडून परिच्छेदवार अभिप्राय मागवायचे आणि ते वेळेत आले नाहीत तर पुन्हा पुन्हा मागवायचे. प्रतिज्ञापत्राचा मसुदा, निकालाची प्रमाणित नक्कल, पुढची तारीख, अपिलाची मुदत, हे सगळे विधी साहाय्यक सांभाळतात आणि पर्यवेक्षक त्यांना सांभाळतो. वकिलाचा युक्तिवाद फसला तर त्याला निदान कायद्याचा मुद्दा म्हणता येते, परंतु मुदत हुकली तर तिला चूक याखेरीज दुसरे नाव नाही.

त्यांनी पर्समधून दोनशे पानी वही काढली. प्रत्येक पानावर चार रकाने होते आणि तारखा तीन रंगांत लिहिल्या होत्या. कार्यालयात नोंदवही आहे, संगणकावर तक्ता आहे, तरीही ही तिसरी नोंद त्या घरी, रात्री जेवणे आटोपल्यावर करीत. उच्च न्यायालयात दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या प्रकरणांची यादी संध्याकाळी संकेतस्थळावर येते. ती त्या बसमध्ये एकदा पाहत, घरी एकदा आणि झोपण्यापूर्वी एकदा. मध्यरात्री जाग आली की चौथ्यांदा. "यादी रात्रीतून बदलणार नाही हे मला कळते, मॅडम," त्या म्हणाल्या, "पण हात फोनकडे जातो."

असे वर्णन ऐकले की समुपदेशकाला आधी काही गोष्टी तपासून घ्याव्या लागतात. गॅस, कुलूप, हात धुणे अशा घरच्या गोष्टींतही हे चालते का, जीव नकोसा होतो का, शरीराचे काही दुखणे आहे का. यांपैकी काही आढळले असते तर मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले असते. तसे काही नव्हते. डॉक्टरांनी केलेल्या रक्ताच्या तपासण्याही ठीक होत्या. सारी काळजी कार्यालयाभोवतीच फिरत होती.

येथे माझी एक चूक झाली, ती नोंदवणे आवश्यक आहे. काळजी दिवसभर पसरू नये म्हणून तिच्यासाठी रोज ठराविक वीस मिनिटे राखून ठेवावीत, असा एक मान्य उपाय आहे. तो मी त्यांना दुसऱ्याच भेटीत सुचवला. पुढच्या खेपेस त्या आल्या त्या वहीत पाचवा रकाना आखून. त्यात "काळजीची वेळ" असे शीर्षक होते आणि खाली रोजच्या नोंदी. मला हसू आले आणि नंतर त्यांनाही आले. पण माझ्या लक्षात आले की या बाईंना मी जे काही देईन त्याची नोंदवही होणार. मी काळजीच्या प्रमाणाकडे पाहत होते. ती कुठून उगवते हे मी अजून विचारलेच नव्हते.

म्हणून तिसऱ्या भेटीत मी त्यांना एकच प्रकरण सुरुवातीपासून सांगायला लावले. कार्यालयातल्या सर्वांत ज्येष्ठ साहाय्यकांकडे एका भूसंपादनाच्या भरपाईचे प्रकरण होते. जिल्हा न्यायालयाचा निकाल ३ जूनला सरकारविरुद्ध लागला. नकलेसाठी अर्ज १० जूनला केला, नक्कल २ जुलैला तयार झाली, पण खात्याचा माणूस ती घेऊन आला १९ जुलैला. उच्च न्यायालयात अपिलाची मुदत नव्वद दिवसांची असते. त्या गृहस्थांनी नक्कल हातात पडल्यापासून नव्वद दिवस मोजले आणि फाइलवर १७ ऑक्टोबर ही तारीख टाकली. प्रत्यक्षात १९६३ च्या मुदत अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे निकालाचा दिवस सोडून मोजणी सुरू होते आणि नक्कल मिळवायला जितका काळ लागणे भागच होते तितकाच वगळता येतो. अर्जाचा आणि नक्कल तयार झाल्याचा दिवस धरून ते तेवीस दिवस झाले. तयार नक्कल सतरा दिवस न्यायालयाच्या खिडकीवर पडून राहिली, तो काळ वगळता येत नाही. म्हणजे मुदत २४ सप्टेंबरला संपत होती. शुभदाताईंच्या हे लक्षात आले १६ सप्टेंबरला, चवथीची (गणेशचतुर्थीची) सुट्टी संपल्यावर. (हा हिशेब त्यांनी माझ्या टेबलावरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने करून दाखवला. चवथीचे घर, माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची सजावट), पाहुणे हे सगळे सांगताना अडखळणाऱ्या बाई मुदतीच्या हिशेबात एकदाही अडखळल्या नाहीत. लायकीचा प्रश्न माझ्यापुरता तेथेच मिटला.)

"मग तुम्ही काय केलेत?" मी विचारले.

"काय करणार? चार दिवस रात्री नऊपर्यंत बसले. अपिलाचे कागद स्वतः तयार केले, वकिलांना दिले. दाखल झाले."

"आणि काका काय म्हणाले?" त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना कार्यालयात सगळे काका म्हणतात.

त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "काकांना माहीत नाही. मी फाइलवरची तारीख खोडली आणि नवी लिहिली. त्यांनी विचारले असते तर सांगितले असते."

नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या एका प्रकरणात काकांनी तीच मोजणी पुन्हा केली होती, आणि शुभदाताईंनी तीही रात्री बसून, कोणाला न सांगता दुरुस्त केली होती. तेव्हापासून त्या सगळ्यांच्याच फायली तपासू लागल्या आणि तेव्हापासूनच मध्यरात्रीची जाग सुरू झाली.

काकांविषयी थोडे सांगितले पाहिजे, नाहीतर हे मौन भित्रेपणाचे वाटेल. गोव्यातल्या जमिनीच्या वादात १९६१ पूर्वीचे पोर्तुगीज दस्तऐवज अजूनही पुढे येतात, आणि ते वाचणारी माणसे आता मोजकी राहिली आहेत. काकांनी ही भाषा वडिलांकडून घेतली. पिवळ्या कागदावरचे वळणदार अक्षर वाचून भाटाची (बागायतीची) हद्द कोणत्या व्हाळापाशी (ओढ्यापाशी) संपते हे ते सांगू शकतात. शुभदाताई नोकरीला लागल्या तेव्हा फाइल कशी बांधायची हेही त्यांनीच शिकवले होते. ते एकोणसाठ वर्षांचे आहेत आणि बढतीसाठी त्यांचा विचार झाला नव्हता. अशा माणसाला "तुमची मोजणी चुकली" हे सांगायचे कोणत्या तोंडाने?

"तुम्ही तपासता तेव्हा चूक सापडण्याची भीती वाटते, की सापडल्यावर ती सांगावी लागेल याची?" मी विचारले. त्यांनी बराच वेळ खिडकीबाहेर पाहिले. त्यांचे उत्तर मी त्याच दिवशी टिपून ठेवले होते: "चूक मला सापडते हो. सापडल्यावर ती माझ्याकडेच राहते."

या प्रकारच्या काळजीबद्दल मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. पर्यवेक्षकाचे तपासणे हे काम आहे, पण तपासून गुपचूप दुरुस्त करणे हे बहुतेक वेळा एक संभाषण टाळण्याचे साधन असते. ज्याची चूक आहे त्याला ती कळत नाही, म्हणून ती पुन्हा होते. पुन्हा होते म्हणून सगळेच तपासावे लागते. आणि पाच माणसांचे काम एक माणूस रात्री करू लागला की झोप जाणारच. याचा लायकीशी संबंध नाही. उलट, जे कामात खरोखर चांगले असतात तेच या सापळ्यात अडकतात, कारण चूक दुरुस्त करणे त्यांना ती सांगण्यापेक्षा सोपे जाते.

शुभदाताईंनी लगेच विचारले, "म्हणजे मी तपासणे सोडू?" अजिबात नाही. त्यांच्याच वहीच्या पहिल्या पानावर एक नोंद होती: २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टपाल खात्याच्या प्रकरणात ४२७ दिवसांचा उशीर माफ करण्यास नकार दिला होता आणि सरकारी कारभाराची संथ गती ही सबब चालणार नाही असे बजावले होते. मुदत अधिनियमाच्या कलम ५ खाली उशीर माफ होऊ शकतो, पण सबळ कारण दाखवावे लागते. अशा ठिकाणी तपासणी हवीच. आम्ही मग त्यांच्या वहीतल्या एका आठवड्याच्या नोंदी घेऊन बसलो आणि प्रत्येक नोंदीला एकच प्रश्न विचारला: ही चूक झाली तर न्यायालयात भरून निघेल का? छत्तीस नोंदींपैकी पाच अशा निघाल्या की ज्यांचे उत्तर "कठीण आहे" असे होते, आणि त्या सर्व मुदतीच्या होत्या. उरलेल्यांत परिशिष्टाला चुकलेला क्रमांक, सहीच्या जागी राहिलेला शिक्का, अभिप्रायातली भाषा असले दोष होते. ते ज्याचे त्याने निस्तरले तरी चालण्यासारखे होते. त्या पाच नोंदी त्यांनी स्वतःकडे ठेवल्या.

काकांशी बोलण्याची तयारी मात्र तीन भेटी चालली. पहिला मसुदा त्यांनी लिहूनच आणला आणि तो "आपल्या निदर्शनास आणून देण्यात येते की" असा सुरू होत होता. मी तो त्यांना मोठ्याने वाचायला लावला. दुसरा मसुदा इतका मऊ झाला की त्यात चूक कोणती हेच कळत नव्हते. शेवटी उरली तीन वाक्ये: या दोन फायलींत मोजणी अशी झाली होती, ती अशी हवी होती, आणि मी हे तुम्हाला तेव्हाच सांगायला हवे होते. तिसरे वाक्य त्यांना फार जड गेले. माझ्या मते तेच सर्वांत आवश्यक होते.

बोलणे झाले ते दुपारच्या चहाच्या वेळी, दोघेच असताना, कोंकणीत. काकांनी दोन्ही फायली पाहिल्या, बोटांवर दिवस मोजले आणि रागाने म्हणाले, "हें म्हाका पयलींच सांगपाक जाय आशिल्लें." हे मला आधीच सांगायला हवे होते. मोजणीबद्दल त्यांनी वाद घातला नाही. आपल्या पाठीमागे आपली तारीख खोडली गेली, हे त्यांना लागले. त्यानंतर दहाबारा दिवस ते शुभदाताईंशी कामापुरतेच बोलले. त्या दिवसांत त्या माझ्याकडे दोनदा आल्या आणि दोन्ही वेळा म्हणाल्या की बोलले नसते तर बरे झाले असते. मी त्यांना तसे नसल्याचे पटवण्याच्या भरीस पडले नाही.

मग एके दिवशी काकांनी एक फाइल त्यांच्या टेबलावर ठेवली. आतल्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने चार तारखा लिहिल्या होत्या: निकाल, अर्ज, नक्कल तयार, मुदत अखेर. खाली त्यांची लहानशी सही होती आणि शेजारी दुसऱ्या सहीसाठी जागा सोडलेली होती. आता प्रत्येक अपिलाच्या फाइलवर अशाच चार तारखा असतात. ही पद्धत मी सुचवलेली नाही, शुभदाताईंनीही नाही.

यादी त्या अजून रात्री एकदा पाहतात. मध्यरात्रीची जाग आठवड्यातून एखाद्या वेळी येते. वही बंद झालेली नाही, पण तिच्यात आता आठवड्याला पाचसहाच ओळी असतात. पाच जणांत सर्वांत लहान असलेला साहाय्यक रोज अर्धा तास उशिरा येतो आणि त्याला अजून काहीही सांगितले गेलेले नाही, हे त्यांनी गेल्या वेळी उठता उठता, दाराशी सांगितले. पुढच्या शुक्रवारची वेळ आम्ही त्यासाठी ठेवली आहे.