वाचक विचारतात : शिडाच्या नौकेवरून लांबच्या डायव्हिंग सफरी

प्रश्न : आम्ही चौघांनी मिळून गोव्यात ३८ फुटी, फायबरची, जुनी शिडाची नौका विकत घेतली आहे. चौघांनीही तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगचे प्रशिक्षण घेतले असून दोघांना शिडाच्या नौका चालवण्याचा बऱ्यापैकी अनुभव आहे. पावसाळा संपल्यावर मुरगावहून कर्नाटकातल्या नेत्राणी बेटापर्यंत आणि तिथून पुढे लक्षद्वीपला जावे, वाटेत आणि तिथे पोहोचल्यावर रोज डायव्ह करावेत, असा बेत आहे. त्यासाठी बारा सिलिंडर घेऊन ते पिछाडीच्या लॉकरमध्ये ठेवावेत आणि पेट्रोलवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर शेवटी, पैसे उरतील त्याप्रमाणे घ्यावा, असे ठरत आहे. हा क्रम बरोबर आहे का? — एक वाचक, वास्को

उत्तर : तुमच्या यादीत सिलिंडर पहिल्या ओळीवर आणि कॉम्प्रेसर शेवटच्या ओळीवर आहे. मी ती यादी उलटी करेन. किनाऱ्यापासून दूर गेल्यावर तुमच्याजवळ किती सिलिंडर आहेत यापेक्षा त्यांत भरलेली हवा कशी आहे, ती भरायला किती वेळ लागतो आणि त्यासाठी वीज कुठून येते, यावरच सगळा बेत उभा राहतो.

आधी हिशेब मांडू. आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा ॲल्युमिनियमचा सिलिंडर आतून ११ लिटरचा असतो. डायव्हनंतर त्यात ५० बार (एक बार म्हणजे साधारण समुद्रसपाटीवरच्या हवेइतका दाब) दाब उरला आणि तो पुन्हा २०० बारपर्यंत भरायचा, तर साधारण १,६५० लिटर हवा लागते. मिनिटाला १०० लिटर हवा देणाऱ्या लहान कॉम्प्रेसरला त्यासाठी कागदावर सतरा मिनिटे आणि प्रत्यक्षात वीस मिनिटे लागतात. चौघांनी दिवसाला दोन डायव्ह केले, तर आठ सिलिंडर भरावे लागतील, म्हणजे ते यंत्र रोज दोन तास चाळीस मिनिटे चालेल. हा आकडा एकदा नीट पाहिला, की बारा सिलिंडरांची गरज नाही हे तुमच्याच लक्षात येईल. प्रत्येकी एक आणि दोन राखीव, असे सहा पुरेत.

आता हवेच्या शुद्धतेबद्दल, आणि इथे मी जरा सविस्तर लिहिणार आहे. नांगरावर असलेली नौका नाळ, म्हणजे पुढचे टोक, वाऱ्याकडे करून उभी राहते, त्यामुळे वारा नाळेकडून पिछाडीकडे वाहतो. म्हणून हवा ओढणाऱ्या नळीचे तोंड नाळेकडे आणि डेकपासून माणसाच्या डोक्याहून उंच बांधावे, आणि धूर सोडणारे कोणतेही यंत्र पिछाडीला असावे, हा सर्वमान्य नियम आहे. पण आपल्या किनाऱ्यावर तो दिवसातून एकदा तरी फसतो. काही वर्षांपूर्वी एका खाडीच्या तोंडाशी नांगर टाकून आम्ही पेट्रोलच्या कॉम्प्रेसरने सिलिंडर भरत होतो. सकाळचा मतलई वारा अकराच्या सुमारास पडला, खारे वारे अजून सुटले नव्हते, आणि त्या मधल्या शांततेत ओहोटीच्या ओढीने नौका हळूहळू फिरली. धूर डेकवरच घुटमळत राहिला आणि आमच्यापैकी कोणाच्याही ते ध्यानात आले नाही. दुपारच्या डायव्हमध्ये १८ मीटरवर माझे डोके जड झाले आणि मी जोडीदाराला खूण करून सावकाश वर आलो. नंतर सिलिंडरचा व्हॉल्व्ह किंचित उघडून नाकाशी धरला, तेव्हा जळक्या पेट्रोलचा अगदी पुसट वास आला. तो आला म्हणून कळले, कारण कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा असा वास नसतो. शिवाय ३० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असल्यामुळे त्या वायूचा परिणामही त्याच प्रमाणात वाढतो. डेकवर ज्या हवेने जेमतेम डोके दुखेल, तीच खाली शुद्ध हरपायला पुरेशी ठरू शकते. त्या दिवसापासून कार्बन मोनॉक्साइड मोजणाऱ्या मीटरशिवाय भरलेली हवा मी घेत नाही, आणि तो मीटर मी सिलिंडरच्याही आधी विकत घ्यायला सांगतो.

कॉम्प्रेसरमधल्या हवेच्या गाळणीबाबतही आपल्या हवामानाचा विचार करावा लागतो. उत्पादक गाळणीचे आयुष्य तासांत देतात, परंतु ते बहुधा वीस अंश तापमानाला धरलेले असते. यंत्राभोवतीची हवा चाळीस अंशांची आणि दमट असेल, तर ते आयुष्य निम्म्याहूनही खाली येते. म्हणून कॉम्प्रेसर बंद लॉकरमध्ये चालवू नये, गाळणीची जास्तीची काडतुसे हवाबंद ठेवून बरोबर न्यावीत आणि तेल श्वसनाच्या हवेसाठी बनवलेलेच वापरावे. यंत्र चालू असताना दर दहा-पंधरा मिनिटांनी पाणी सोडण्याचा व्हॉल्व्ह उघडला, की दुधासारखा पांढरट, तेलकट फवारा बाहेर पडतो. तो फवारा एकदा पाहिलेला माणूस ही पाळी पुन्हा कधी चुकवत नाही, कारण तो सोडला नसता तर ते पाणी गाळणीत जाऊन ती निकामी झाली असती.

वरच्या प्रसंगामुळे, आणि पेट्रोलची वाफ जड असल्यामुळे ती नौकेच्या तळाशी साचते या दुसऱ्या धोक्यामुळे, तुमच्यासाठी विजेवर चालणारा कॉम्प्रेसरच योग्य आहे, असे माझे मत आहे. त्याची मोटर साधारण २.२ किलोवॉटची असते. आठ सिलिंडर भरायला सुमारे सहा युनिट वीज लागेल, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटऱ्यांतून जवळपास ५०० अँपिअर-तास, आणि तुमच्या नौकेवरच्या बॅटऱ्या व सौर पट्ट्या हा भार रोज पेलू शकणार नाहीत. तेव्हा एकतर पाच-सहा केव्हीएचा डिझेल जनरेटर बसवावा लागेल, किंवा रोज प्रत्येकाने एकच डायव्ह करण्यावर समाधान मानावे लागेल. पहिल्या सफरीला मी दुसरा पर्याय निवडला असता, पण निर्णय तुमचा आहे. जनरेटर घेतलात, तर मोटर सुरू होताना क्षणभर कित्येक पट करंट ओढते हे विक्रेत्याला आधीच सांगा, आणि पाण्याचे व्हॉल्व्ह उघडे ठेवून, दाब नसतानाच यंत्र सुरू करा.

पिछाडीच्या लॉकरचा विचार मात्र पूर्णपणे सोडून द्यावा. भरलेला सिलिंडर सुमारे १७ किलोचा असतो. सहा सिलिंडर, कॉम्प्रेसर, चौघांची शिशाची वजने आणि बाकीचे साहित्य मिळून दोन-अडीचशे किलो सहज भरतात. एवढा भार टोकाला ठेवला, तर पिछाडी बसते, नाळ उचलली जाते आणि लाटांत नौका थडथड आपटत चालते. तो डोलकाठीच्या आसपास, जमेल तितका खाली, रुंद पट्ट्यांनी असा बांधावा की नौका पूर्ण कलली तरी एकही सिलिंडर सुटणार नाही. सिलिंडरच्या बुडाची रबरी टोपी दर काही दिवसांनी काढून आतले मीठ धुवावे, आणि खरेदीच्या वेळी त्यावरची दाबचाचणीची तारीख पाहावी. आपल्याकडे सिलिंडरांना नागपूर येथे मुख्यालय असलेल्या पेसो या केंद्रीय संस्थेची मान्यता लागते, त्यामुळे परदेशातून स्वस्तात मिळालेला सिलिंडर इथे भरून मिळेलच असे नाही.

पाण्यात उतरणे सोपे असते, नौकेवर परत चढणे अवघड. तुमच्या नौकेचा काठ पाण्यापासून मीटरभर उंच असेल आणि लाटेवर शिडी वरखाली हापटत असेल. शिडी पाण्याखाली निदान तीन पायऱ्या जाईल अशी भक्कम करून घ्या, आणि वजने व जाकीट पाण्यातच काढून दोरीने वर घेण्याचा सराव करा. प्रवाह असेल तर पिछाडीला बोयासह (तरंगत्या फुग्यासह) तीस-चाळीस मीटरची दोरी सोडून ठेवा. चौघांनी एकदम कधीही उतरू नये. दोघे पाण्यात असताना दोघे नौकेवर, त्यांपैकी एक जण शिडे, इंजिन आणि रेडिओ हाताळू शकणारा, हा नियम मोडायचा मोह लक्षद्वीपच्या निवळ पाण्यात फार होतो. डायव्ह चालू असताना पाण्याखाली डायव्हर असल्याची खूण असलेला निळ्या-पांढऱ्या रंगाचा ‘अल्फा’ झेंडा वर असावा.

मुरगाव ते नेत्राणी सुमारे ९० सागरी मैल आणि नेत्राणी ते लक्षद्वीपमधले अगत्ती बेट सुमारे २३० सागरी मैल भरतात. ताशी पाच मैलांच्या गतीने पहिला टप्पा अठरा तासांचा आणि दुसरा जवळजवळ दोन दिवसांचा. रात्रपाळी करून, उलट्यांनी अंगातले पाणी कमी झालेले असताना पोहोचल्या पोहोचल्या पाण्यात उतरणे म्हणजे डीकम्प्रेशनच्या आजाराला (वर येताना दाब कमी होऊन रक्तात वायूचे बुडबुडे होण्याला) आमंत्रण देणे आहे. पहिला दिवस झोप, पाणी आणि दुरुस्ती यांसाठी राखून ठेवावा. तसेच डायव्हनंतर लगेच हाताने नांगर ओढणे, विंच फिरवणे किंवा डोलकाठीवर चढणे टाळावे, कारण जोराच्या श्रमानेही तो धोका वाढतो. उपचारांचे दाबकक्ष मुंबई आणि कोचीसारख्या ठिकाणी नौदलाकडे आहेत, म्हणजे तुमच्यापासून शेकडो किलोमीटर दूर. म्हणून या आजारावर प्रथमोपचार म्हणून द्यायच्या प्राणवायूचा सिलिंडर मोठा घ्या. मिनिटाला १५ लिटर या दराने दोन लिटरचा छोटा सिलिंडर २७ मिनिटांत संपतो, तर दहा लिटरचा दोन तासांहून अधिक पुरतो. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आणि व्हीएचएफ रेडिओचे १६ नंबरचे चॅनल चौघांनाही पाठ असावे. लक्षद्वीपचा प्रवेश परवाना निघण्यापूर्वीच हातात असायला हवा.

प्रश्न : मालवणहून आमच्या ३० फुटी शिडाच्या नौकेने आंग्रे बँकेवर जाऊन नांगर टाकावा आणि डायव्ह करावेत, असा विचार आहे. ते शक्य आहे का? — एक वाचक, मालवण

उत्तर : कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाणारे हे बुडालेले पठार विजयदुर्गापासून सुमारे १०५ किलोमीटर पश्चिमेला आहे. त्याचा माथाच पाण्याखाली वीसेक मीटर आहे. आडोशाला खडक नाही, बेट नाही, आणि वारा फिरला तर परत यायला बारा तास लागतात. वीस मीटर पाण्यात नांगर धरून राहायला शंभर मीटर साखळदोर सोडावा लागेल, आणि तो नौका फिरेल तसा जिवंत प्रवाळावर घासत राहील. कठीण प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. ते नसते तरी शेकडो वर्षे वाढलेली ती वस्ती आपल्या साखळीने मोडावी, हे मला पटले नसते. तिथे नांगर टाकू नये. इंजिन चालू असलेली नौका डायव्हरांच्या बोयापाठोपाठ संथपणे नेत राहावी, आणि त्यासाठी नौकेवर दोन सराईत माणसे असावीत. तुमच्या पत्रात एकूण तिघांचाच उल्लेख आहे, त्यामुळे आणखी एक अनुभवी खलाशी मिळेपर्यंत हा बेत पुढे ढकलावा.