तिकडचा सरकारी विमा आपल्याला मिळेल का?

भाऊ, तुम्ही नोकरीसाठी इकडे अमेरिकेत येताय. इथल्या सरकारी नोकरांचा आरोग्यविमा सगळ्यांना खुला होणार असं तुमच्या कानावर आलं, आणि बायको-मुलाची, आईची सोय त्यात होईल का, असं तुम्ही विचारलंय. त्याच्या भरवशावर बेत आखू नका.

हा विमा १९६० पासून चालू आहे. भुसावळच्या रेल्वे दवाखान्यासारखं काही डोळ्यासमोर आणू नका. पॉलिसी खासगी कंपन्यांच्याच असतात, कर्मचारी त्यातली एक निवडतो. खरी गोम हप्त्यात आहे. सरासरी हप्त्याच्या ७२ टक्क्यांपर्यंत रक्कम सरकार भरतं. २००४ च्या प्रचारात अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केरी यांनी हा विमा जनतेला खुला करू म्हटलं होतं, पण ते हरले. पुढे ओबामांच्या आरोग्यविमा कायद्याखाली, नोकरांचा विमा बघणाऱ्या सरकारी खात्यानेच ठरवलेल्या काही पॉलिसी २०१४ मध्ये लोकांसाठी आल्या होत्या, त्याही वेगळ्या ठेवून. नोकरांचा विमा नोकरांचाच राहिला.

तो खुला व्हावा असं मला मनापासून वाटतं. पण नुसतं दार उघडून काय होणार? आपल्याकडे महात्मा फुले योजना २०२४ मध्ये सगळ्या रेशनकार्डधारकांना मिळाली, कारण हप्ता सरकार भरतं. इथे माझ्या पगाराच्या स्लिपवर विम्याच्या दोन ओळी असतात, एक माझ्या कपातीची, दुसरी कंपनीच्या वाट्याची. दुसरा आकडा पहिल्याच्या कितीतरी पट आहे. तो वाटा काढून घ्या, मग बघा हा विमा किती जणांना झेपतो.

म्हणून ऑफर लेटर आलं की आधी एचआरला विचारा: माझ्या हप्त्यात कंपनी किती भरते आणि घरच्यांच्या हप्त्यात किती? बऱ्याच ठिकाणी घरच्यांच्या हप्त्यातच हात आखडतात. विमा कोणत्या तारखेपासून लागू होतो तेही लेखी घ्या, कायद्याने ९० दिवसांपर्यंत थांबवता येतं. मधल्या काळाची सोय निघण्याआधी करा. नोकरी सुटली तर मोठ्या कंपनीचा विमा साधारण १८ महिने ठेवता येतो, पण कंपनीचा वाटाही मग तुमच्याच खिशातून.

मावशी, म्हणजे तुमच्या आई, व्हिजिटर व्हिसावर येतील, तुमच्या कंपनीच्या विम्यात त्या सहसा बसणार नाहीत. प्रवासी विमा घ्यावा लागेल, आणि जुनी शुगर, बीपी त्यात बहुतेक वेळा धरत नाहीत. त्या सत्तरीच्या असतील तर आपल्या केंद्र सरकारच्या आयुष्मान योजनेचं वय वंदना कार्ड काढून ठेवा. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात. इथे ते चालत नाही, तेव्हा मोतीबिंदू, गुडघे असं काही निघालं असेल तर जळगावलाच उरकून मग त्यांना आणा.